आईंच्या हातातलं तळं

टीव्हीतल्या तळ्यात राहणाऱ्या सर्व लहानथोर माशांना याद्वारे जाहीर कळवण्यात येतं की, गेली पाच वर्षं ज्यांनी तुम्हाला एक दुपार सुखानं पोहू दिलं नाही, त्या आमच्या सासूबाई शालिनीबाई, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, मूळ मुक्काम वेंगुर्ला, हल्ली मुक्काम प्लेनो, टेक्सास, यांचं दीड महिन्यापूर्वी निधन झालं. तरी संबंधितांनी आपापल्या शेवाळातून बाहेर यायला आता हरकत नाही. दुखवटा पाळायचा की पेढे वाटायचे, हे ज्यानं त्यानं आपल्या जबड्याला झालेल्या जखमा मोजून ठरवावं.

असं लिहिलेलं आईंना आवडलं असतं. रडक्या मजकुराला त्या शाळेत असल्यापासून गुण कापायच्या. म्हणून मी ठरवलंय की शक्यतो हसतच लिहायचं... जमेल तितकं.

बातमी मला हायवेवर कळली. जेवणानंतर एका क्लायंटकडे निघालो होतो आणि वैशालीचा, माझ्या बायकोचा, फोन आला. "परत फीर. आई उठत नाहीये." एवढंच. दुपारची डुलकी काढायला त्या खिडकीजवळच्या खुर्चीत टेकल्या होत्या आणि त्या डुलकीतून परत यायची त्यांना गरज वाटली नाही. मी पोचलो तेव्हा अँब्युलन्सवाले हलक्या आवाजात बोलत होते आणि आईंच्या चेहऱ्यावर, वर्गातल्या सगळ्यात ढ मुलानं अचानक बरोबर उत्तर दिल्यावर बाईंच्या चेहऱ्यावर येतो, तसा भाव होता. त्याच सकाळी मी घरातून निघताना त्यांनी रोजचा प्रश्न विचारला होता, "जावईबापू, आज आकाश कसं काय?" मी म्हटलं, "ताकासारखं. पातळ, पांढरं, मधे मधे निळी फोडणी." "ताकाला निळी फोडणी कोण देतं?" त्या म्हणाल्या. हे आमचं शेवटचं संभाषण. याहून गंभीर काही बोलायला हवं होतं, असं मला अजून वाटलेलं नाही.

त्या आमच्याकडे आल्या २००१ मध्ये. सासरे गेले, वैशाली एकुलती एक, वेंगुर्ल्याच्या घरात आई एकट्या. वैशालीनं वर्षभर फोनवर भांडून त्यांना इकडे यायला लावलं. पण त्या आल्या त्या एका अटीवर. लेकीच्या घरी राहायचं नाही, राहिलं तर आयतं बसून खायचं नाही, हा त्यांच्या पिढीचा नियम. विमानतळावरून येताना गाडीतच त्यांनी जाहीर केलं, "सकाळचा स्वयंपाक माझा. विळी नसेल तर सुरी चालेल. पण ज्या दिवशी माझ्या हातातली सुरी गेली, त्या दिवशी मी पाहुणी झाले. आणि पाहुण्यानं किती दिवस राहायचं याला मर्यादा असते." वैशाली म्हणाली, "आई, काहीतरीच काय!" आई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. रस्त्यावर एक माणूस चालताना दिसत नाही, हे त्यांना फार अपशकुनी वाटत होतं.

पहिली दोन वर्षं त्यांच्या सकाळी भरलेल्या आणि दुपारी रिकाम्या. आमचं ऑफिस, आमच्या रेवाची शाळा. बाहेर जायचं तर गाडी हवी आणि गाडी चालवता येत नाही. समुद्र शेकडो मैल लांब. मासे दुकानात बर्फावर, तेही मुंडकी नसलेले. "मुंडकं नसलेल्या माशाचे डोळे कसे बघायचे? डोळे बघितल्याशिवाय मासा ताजा की शिळा कसं कळायचं?" असं म्हणून त्या दुकानातून हात हलवत परत यायच्या. वेंगुर्ल्याच्या बाजारात ज्या बाईला बघून कोळणी टोपली झाकून घ्यायच्या, तिच्यावर ही पाळी!

मग २००३ च्या उन्हाळ्यात पुढच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या अमेरिकन गृहस्थानं गॅरेज सेल लावला. तो तरुणपणी बरीच वर्षं जपानमध्ये नोकरीला होता. टेबलावर जपानी चहाचे कप, पंखे आणि एका खोक्यात एक जुना जपानी व्हिडिओ गेमचा कन्सोल, सोबत एकच खेळ: बास नावाचा गोड्या पाण्यातला मासा पकडण्याचा. आणि या खेळाचा कंट्रोलर म्हणजे चक्क एक आखूड गळ! मूठ, तिच्यावर फिरवायचं रीळ, आणि मासा लागला की आतून थरथरणारी मोटर. रेवाला खेळ बाळबोध वाटला. "बाबा, दिस इज सो ओल्ड," ती म्हणाली. पण आईंनी गळ हातात घेतला, तोलून बघितला, रीळ फिरवून त्याचा कर्र आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "हे घ्या."

त्या तळ्याचं काय वर्णन करू? आजच्या खेळांपुढे ते अगदी भाबडं. डोंगर त्रिकोणी, झाडं हिरव्या कागदाची कापल्यासारखी, पाणी निळ्या चौकोनांचं. पण पहाटेची वेळ निवडली की त्या चौकोनांवर धुकं उतरायचं, लांबून कुठलासा पक्षी एकदाच ओरडायचा, आणि होडी जागच्या जागी डुलायची... बाहेर टेक्सासचं ऊन काँक्रीट भाजून काढतंय, आत पडदे ओढलेले, एअर कंडिशनरची घरघर, आणि आमच्या दिवाणखान्यात जपानमधली पहाट झालेली. सगळं जपानी भाषेत, त्यामुळे आईंनी कुठलं बटण किती वेळा दाबायचं हे पाढ्यासारखं पाठ केलं. मासा लागला की एक जपानी निवेदक बेंबीच्या देठापासून ओरडायचा. त्याला त्या "ओरडणारा मेला" म्हणायच्या, पण मायेनं. एरवी बाईंचं मराठी क्रमिक पुस्तकातलं. गळाला मासा लागला की मात्र त्या थेट मालवणीत उतरायच्या: "गावलो! गावलो रे मेल्या! आता खंय जातंस?"

एक गोष्ट त्यांना सुरुवातीला पटेना. या खेळात पकडलेला मासा वर उचलायचा, त्याचं वजन बघायचं आणि परत पाण्यात सोडून द्यायचा. "सोडायचाच होता तर धरला कशाला?" हा त्यांचा सवाल आठवडाभर चालला. घरात कालवणासाठी आणलेली तिरफळं पडून होती, कोकम होतं, आणि समोरून पाच पौंडांचा मासा शेपटी हलवत निघून जातोय! मग एका दुपारी त्या आपल्याआपणच म्हणाल्या, "बरोबर आहे. मुलीचं असंच असतं. जवळ घ्यायचं, वजन बरं आहे ना बघायचं, आणि सोडायचं." रेवानं विचारलं, "आजी, हू आर यू टॉकिंग टू?" आई म्हणाल्या, "माशाशी."

आता मुख्य गोष्ट. खेळ सुरू झाल्याला वर्ष झालं असेल. ऑफिसमधली वीज गेली म्हणून मी एके दिवशी दुपारी दोनलाच घरी आलो. दिवाणखान्यात आई ताठ बसलेल्या, हातात गळ, रीळ फिरतंय. आणि टीव्हीवर काहीच नाही. नुसता निळा पडदा. सकाळी रेवानं कार्टूनची टेप बघायला टीव्हीचं सेटिंग बदललं होतं, ते तसंच राहिलेलं. कोऱ्या, सपाट, निळ्या काचेसमोर आई मासे धरत होत्या.

"कोण? जावईबापू? लवकर आलात," त्या म्हणाल्या. "आज पाणी किती निवळ आहे बघितलंत? शेवाळाचा एक तुकडा नाही. आणि तो ओरडणारा मेला आज गप्प आहे. सर्दी झाली असेल."

मी दारात उभा. बूट काढायचं सुचलं नाही. तेवढ्यात त्यांच्या हातातला गळ थरथरला, त्यांनी तो झटक्यात उचलला आणि "गावलो!" म्हणून रीळ फिरवायला लागल्या. मी हळूच रिमोट घेतला, सेटिंग बदललं... आणि निळ्याच्या जागी तळं आलं. धुकं, त्रिकोणी डोंगर, डुलणारी होडी. आणि काय सांगू, गळाला खरोखरच एक थोराड मासा लागलेला होता! तो त्यांना नुसता मुठीत जाणवत होता, आणि त्या त्याला ढील देत, ओढून घेत, दमवत आणत होत्या. निवेदक मधेच घसा फोडून ओरडला. आईंचा हात थांबला. आवाज अचानक आला, म्हणजे आधी नव्हता, हे त्या बाईंना कळायला किती वेळ लागणार?

"बंद होतं का?" त्यांनी विचारलं.

"हो."

मासा सुटून गेला. त्यांनी गळ मांडीवर ठेवला आणि पदरानं मूठ पुसली.

दोन वर्षं त्यांना समोरचं दिसत नव्हतं. डोळ्याचा मागचा पडदा सुकत चाललेला. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी इकडे येण्याआधीच सांगितलं होतं, की हा हळूहळू जाणार आणि याला औषध नाही. मधोमध धुकं, कडेला मात्र थोडं दिसायचं. "तुमचं तोंड दिसत नाही, कान दिसतात," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाबतीत त्यात काही तोटा नाही." मग आवाज खाली आला. "वैशालीला सांगू नका. ती माझ्या हातातली सुरी काढून घेईल. प्रेमानंच काढून घेईल, पण घेईल. मग मी इथे बसून काय करू? परत जावं लागेल, आणि तिथे माझं कोणी नाही." एवढं बोलून त्यांनी गळ पुन्हा उचलला. "आणि हे बघा, मला ह्या तळ्यात काही कमी पडत नाही. माझ्या डोळ्यात आणि त्याच्या पाण्यात एकच धुकं आहे."

मी काय करायला हवं होतं? बायकोला सांगायला हवं होतं, हे कुठलाही शहाणा माणूस सांगेल. मी शहाणा नाही, मी जावई आहे. वैशालीला किराणा आणायला जातो असं सांगून मी आईंना इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं सावंतवाडीचंच म्हणणं इंग्रजीत सांगितलं. परतताना खरोखर किराणा आणला, म्हणजे खोटं बोललो असं व्हायला नको. आणि मग सुरू झाला आमच्या दोघांचा कट. रोज सकाळी मी त्यांना आकाशाचं वर्णन सांगायचो. पाहुणे आले की आधी मोठ्यानं नाव घ्यायचो, "अरे, या या मिलिंद, बसा, निळा शर्ट छान आहे!" भारतातून पत्र आलं की "आई, मला तुमच्या मैत्रिणीचं अक्षर फार आवडतं, मी वाचू?" म्हणायचो. स्वयंपाक त्यांचा, नेहमीसारखा. कधी बिघडला नाही. मीठ-साखरेच्या बरण्या अगदी सारख्या, पण मिठाच्या जागी साखर एकदाही पडली नाही. वैशालीला मी एकही गोष्ट न सांगता इतकी वर्षं काढू शकलो, याचा मला त्या काळात पापी अभिमान वाटायचा.

एकदाच सगळं उघडं पडायची वेळ आली. मिलिंद नागपूरचा, माझा ऑफिसातला मित्र. त्यानं भिंतीएवढा टीव्ही घेतला आणि संक्रांतीच्या शनिवारी दुपारी वीसेक मंडळींना तिळगुळाला बोलावलं. "मावशींचा तो मासेवाला गेम घेऊन ये यार, सगळ्यांना पाहू दे!" मी कन्सोल नेला, तारा नेल्या आणि गळ घरी विसरलो! मिलिंद म्हणाला, त्यात काय, साधा कंट्रोलर जोडू. त्यानं जोडलाही. पण साध्या कंट्रोलरमध्ये मोटर नव्हती. तो थरथरत नव्हता. आणि निवेदक ओरडतो तो मासा लागल्यावर. त्याआधी जी बारीक टोचणी हाताला कळते, आणि जिच्यावर झटका द्यायचा असतो, तिचा पत्ताच नाही. आई सोफ्यावर मधोमध, भोवती वीस माणसं, मुलं जमिनीवर, आणि स्वयंपाकघराच्या दारात, हातात वड्यांचं ताट घेऊन, वैशाली.

पहिला मासा आला आणि निसटला. "मावशी, काय झालं?" दुसराही निसटला. वैशाली एक पाऊल पुढे आली. मी आईंच्या शेजारी टेकलो आणि पडद्यावर दोरी हलताक्षणी माझ्या पायानं त्यांच्या पायाला टोचलं. त्यांनी झटका दिला. गावलो! टाळ्या! आणि इथे माझ्या संस्कारांनी घात केला. सासूबाईंना पाय लागला की मराठी माणसाचा हात विचारून खाली जात नाही. माझा उजवा हात आपोआप त्यांच्या पावलाला लागून माझ्या कपाळाला लागला. पुढचा मासा: पाय, झटका, टाळ्या, नमस्कार. त्यापुढचा: पाय, झटका, टाळ्या, नमस्कार. मी हात मांडीखाली दाबून धरला, तरी तो निघायचाच. पाचव्या माशाला एक पोरगं म्हणालं, "व्हाय इज काका डुइंग दॅट?" आणि मिलिंद गरजला, "अरे भाऊ, दर माशाला नमस्कार? आमच्या घरी ही पद्धत कळली ना, तर माझं काही खरं नाही!"

सगळे हसत सुटले. आईंनी नजर पडद्यावर, म्हणजे पडद्याच्या जराशी बाजूला, तशीच ठेवून शांतपणे सांगितलं, "आमच्याकडे असंच असतं. मासा माझा, पुण्य त्यांचं." नऊ मासे धरले त्या दिवशी. नऊ नमस्कार. कमरेला उसण भरली.

परतताना आई मागच्या सीटवर रेवाच्या खांद्यावर झोपल्या होत्या. वैशाली गाडी चालवत होती. हायवेला लागल्यावर म्हणाली, "तुझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या का रे?" मी म्हटलं, "हो, जरा." "बरं झालं तू तिच्या शेजारी बसलास," ती म्हणाली आणि लेन बदलली. मी मनात म्हटलं, वाचलो.

त्यानंतरच्या दुपारी मला आता एकाच लांबलचक दुपारीसारख्या आठवतात. शनिवारी मी त्यांच्याजवळ बसायचो. त्या खेळायच्या, मी पेंगायचो. डोळे मिटले की रिळाची कर्र... ऐकू यायची आणि वाटायचं, ही खोलीच डुलतेय, पडद्यांच्या पलीकडे रस्ते नाहीत, घरं नाहीत, धुक्यात एक होडी आहे आणि तिच्यात एक सासू आणि एक जावई, दोघंही काही न बघता बसलेत. मधूनच त्या म्हणायच्या, "झोपलात?" मी म्हणायचो, "नाही." त्या म्हणायच्या, "मग पाणी कसंय सांगा." आणि मी डोळे न उघडताच सांगायचो. त्यांना ते कळत असणार. पण त्यांनी कधी हटकलं नाही.

त्या गेल्या आणि एक गोष्ट माझ्या घशात अडकून बसली. वैशाली रडायची, आईच्या गोष्टी सांगायची, आणि मी मान डोलवायचो. तिच्या आईच्या शेवटच्या सात वर्षांतली सगळ्यात मोठी गोष्ट मला माहीत, तिला नाही. ज्यासाठी लपवली ते कारणच आता उरलं नव्हतं. आईंना कोणी परत पाठवणार नव्हतं. मग मी कुणाचं राखत होतो? आणि सांगितलं तर ती म्हणेल, माझी आई आंधळी होत होती आणि तू मला सांगितलं नाहीस? या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गेल्या रविवारी दुपारी मी खेळ लावला. टीव्ही मुद्दाम बंद ठेवला. गळ हातात धरून, डोळे मिटून, आईंच्या जागी बसलो. बराच वेळ काही नाही. मग मुठीत एक अगदी हलकी टोचणी आली, कोणी झोपेतून उठवायला बोट लावावं तशी. तिकडे खाली, कुठेतरी, खरंच कोणीतरी होतं... मला झटका द्यायचंही सुचलं नाही.

"हे काय चाललंय?" वैशाली दारात. हातात पुसायचं फडकं.

मी उठून उभा राहिलो. गळ तलवारीसारखा छातीशी धरलेला. अपराध्यानं कोर्टात द्यावी तशी कबुली दिली. निळा पडदा सांगितला, सावंतवाडीचे डॉक्टर सांगितले, किराण्याच्या नावाखाली इथले डॉक्टर सांगितले, आकाशाची वर्णनं, मिलिंदचा शर्ट, नऊ नमस्कार, सगळं. "वैशाली, आईंना दिसत नव्हतं. मी तुझ्यापासून लपवलं. सुरी जायला नको म्हणून त्यांनीच मला सांगू नका म्हटलं होतं. आता तू मला काय म्हणायचं ते म्हण."

तिचे डोळे भरून आलेले, ओठ थरथरायला लागलेले. मी वाक्याची वाट बघत होतो, तेच वाक्य, ज्याला उत्तर नव्हतं. आणि ती फस्सकन हसली, फडकं तोंडावर दाबलं, तरी हसणं आणि रडणं दोन्ही बाहेर आलंच.

"अरे शहाण्या, मग मिठाच्या बरणीला रबरबँड काय मी शोभेला लावला होता?"